अ‍ॅव्हरेज किती देते? नवी गाडी घेण्याआधी मुंबईकराने करायचा हिशेब

शोरूममध्ये खुर्चीत टेकता टेकता हा प्रश्न निघतो आणि समोरून पाठ केलेलं उत्तर येतं: पंचवीस, सत्तावीस, सीएनजी असेल तर चौतीस. हे आकडे प्रयोगशाळेतले असतात, आणि तुमची गाडी रोज सकाळी जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) उभी असणार असते. पहिल्यांदा गाडी घेणारा या दोन्हींतलं अंतर लक्षात न घेता दोन ब्रोशर शेजारी ठेवतो आणि मोठा आकडा निवडतो. तसं न करता काय करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. टेस्ट ड्राइव्ह सोडली तर एकूण काम दोन शनिवारांचं आहे.

हाताशी काय हवं

- तुमच्या नेहमीच्या प्रवासाचे किलोमीटर आणि वेळ, किमान दोन आठवड्यांचे. मोबाइलमधल्या नकाशाची टाइमलाइन चालू असेल तर आयतीच नोंद मिळते.
- यादीतल्या प्रत्येक गाडीचं ब्रोशर. शेवटचं, बारीक अक्षरांतलं तांत्रिक माहितीचं पान महत्त्वाचं, पहिली चकचकीत पानं नव्हेत.
- प्रत्येक व्हेरिएंटचं लेखी ऑन-रोड (कर, नोंदणी, विमा धरून) कोटेशन, सगळी एकाच आरटीओची. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी तुमचं जे असेल ते.
- टेस्ट ड्राइव्हसाठी लायसन्स.
- हवा मोजायचा साधा गेज आणि एक वही.

## १. किलोमीटरसोबत तासही लिहा

सगळे विचारतात, ‘महिन्याचं रनिंग किती?’ मुंबईत हा अर्धाच प्रश्न झाला. इंजिन चालू ठेवून तुम्ही किती वेळ उभे असता, हा उरलेला अर्धा.

कांजूरमार्गहून जेव्हीएलआरने अंधेरीला जाणारा माणूस घ्या. साधारण १२ किमी, सकाळच्या गर्दीत ५५ मिनिटं. त्यातली २० मिनिटं गाडी जागेवरून हलत नाही. छोट्या पेट्रोल गाडीला एसी लावून उभं राहायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं असं धरू, म्हणजे २० मिनिटांत पाव लिटर गेलं. चालताना गाडी २० चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर १२ किमीला ०.६ लिटर. बेरीज ०.८५ लिटर, आणि अ‍ॅव्हरेज १४. गाडी तीच, चालवणारा तोच. वीस मिनिटांच्या उभं राहण्याने सहा किलोमीटर खाल्ले. हाच माणूस सकाळी सातला निघाला तर १७-१८ मिळतील. म्हणून शेजाऱ्याचं अ‍ॅव्हरेज विचारताना तो किती वाजता निघतो हेही विचारा.

वहीत तीन रकाने करा: गर्दीतलं शहर; मोकळं शहर (कोस्टल रोड, पूर्व मुक्त मार्ग, रात्रीचा द्रुतगती मार्ग); आणि शहराबाहेर (पुणे, नाशिक, गावाकडचा प्रवास). प्रत्येकात महिन्याचे किलोमीटर. वर्षातून दोनदा कोकणात जात असाल तर ते किलोमीटर बाराने भागून लिहा. बहुतेकांच्या डोक्यात लांबचा प्रवास असतो त्याहून फार मोठा होऊन बसलेला असतो.

## २. ब्रोशरचा आकडा कुठून येतो ते समजून घ्या

एमआयडीसी म्हटलं की आपल्याला अंधेरीची औद्योगिक वसाहत आठवते. गाड्यांच्या जगातली एमआयडीसी म्हणजे सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल, पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या संस्थांत होणारी चाचणी; ब्रोशरचा आकडा तिथूनच येतो. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. सगळा प्रकार वीस मिनिटांच्या आत संपतो. कमाल वेग ताशी ९० किमी, सरासरी ३२ च्या आसपास. एसी बंद. धुरातला कार्बन मोजून इंधन किती जळलं ते काढतात.

वरच्या जेव्हीएलआरवाल्याची सरासरी काढा: १२ किमी, ५५ मिनिटं, म्हणजे ताशी १३. शिवाय एसी चालू, आणि आपल्या दमट हवेत कॉम्प्रेसरला सुटका नाही; हवा थंड करताना तिच्यातलं पाणीही काढायचं असतं.

तरीही आकडा फेकून देऊ नका. सगळ्या गाड्या एकाच फूटपट्टीने मोजलेल्या असतात, त्यामुळे पहिली चाळणी लावायला तो चांगला. सारख्या आकाराच्या, सारख्या इंधनाच्या, सारख्या गिअरबॉक्सच्या दोन गाड्यांत ३ किमीचा फरक असेल तर रस्त्यावरही काही फरक राहतोच. अर्ध्या किलोमीटरच्या फरकावरून मात्र काहीही ठरवू नका.

ढोबळ अंदाज हवा असेल तर गर्दीतल्या मुंबईसाठी साध्या पेट्रोल गाडीच्या दाव्याचे ६० टक्के धरा. हा आडाखा आहे, नियम नव्हे. तो पुढे टेस्ट ड्राइव्हने तपासायचा आहे.

इथले सापळे:

- जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात काटकसरी व्हेरिएंटचा असतो. तुम्ही घेणार ते व्हेरिएंट वेगळं असेल तर त्याचा आकडा तांत्रिक पानावर शोधा.
- वरच्या व्हेरिएंटला रुंद टायर आणि मोठी अलॉय चाकं येतात, वजनही वाढतं. छापील आकडा पुष्कळदा सगळ्यांना एकच असतो.
- ऑटो स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होणं) चाचणीत हमखास कामाला येतं, कारण तिथे एसी बंद असतो. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला इंजिन बंद पडलं की इंजिनच्या पट्ट्यावर एसीचा कॉम्प्रेसर चालणाऱ्या गाडीत थंडावाही जातो, आणि लोक ते बटण कायमचं बंद करून टाकतात. आपणही तेच करणार असू तर त्याचा फायदा हिशेबात धरू नये.

## ३. सगळं ‘रुपये प्रति किलोमीटर’मध्ये आणा

पेट्रोल लिटरवर, सीएनजी किलोवर, वीज युनिटवर. २५ किमी प्रति लिटर आणि ३४ किमी प्रति किलो हे दोन आकडे शेजारी ठेवणं म्हणजे डझनावरची केळी आणि किलोवरची केळी यांचा भाव ताडून बघणं. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे सीएनजीचा आकडा मोठा दिसणारच. भावाला अ‍ॅव्हरेजने भागा, प्रश्न मिटला.

उदाहरणापुरते भाव धरू: पेट्रोल १०४ रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो. तुम्ही त्या दिवशीचे पंपावरचे घाला. गर्दीत पेट्रोल गाडी १४ देते, तर किलोमीटरला ७.४३ रुपये. त्याच गाडीचं सीएनजी रूप २० देतं, तर ४ रुपये.

किलोमीटर प्रति लिटर या मापाची एक खोड आहे. १० वरून १२ ला गेलात तर १,००० किमीला १७ लिटर वाचतात. २० वरून २४ ला गेलात तर ८ लिटर. उडी दुसरी मोठी दिसते, बचत पहिलीत दुप्पट. मोठी एसयूव्ही घेणाऱ्याने दोन किमीच्या फरकाकडे डोळेझाक करू नये. छोट्या हॅचबॅकवाल्याने त्यावरून झोप उडवून घेऊ नये.

शहर आणि हायवे एकत्र करतानाही सरळ सरासरी काढू नका. शहरात ६०० किमी १३ च्या अ‍ॅव्हरेजने म्हणजे ४६ लिटर, एक्सप्रेसवेवर ४०० किमी २० ने म्हणजे २० लिटर. एकूण ६६ लिटरला १,००० किमी, अ‍ॅव्हरेज १५ च्या थोडं वर. तेरा आणि वीसची सरासरी साडेसोळा येते, आणि तिथेच महिन्याचं बजेट चुकतं. नेहमी लिटरची बेरीज करा.

## ४. इंधन निवडताना मुंबईत काय आड येतं

पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ६ ते ७ टक्के कमी. त्याच मिश्रणासाठी जुळवलेल्या नव्या इंजिनात घट त्याहून कमी जाणवते. सापळा वेगळाच आहे: २०२१ च्या गाडीमालकाने तेव्हा सांगितलेला आकडा आजच्या गाडीच्या आकड्याशी ताडून बघू नका. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पासुद्धा २०२२ मध्ये गाठला गेला. त्या मालकाच्या गाडीतलं पेट्रोलच वेगळं होतं.

सीएनजी. रोजचं रनिंग असेल तर मुंबईत याला तोड नाही, पण किलोमीटरच्या भावाखाली झाकलेल्या गोष्टी बघा.

ब्रोशरमध्ये ‘६० लिटर’ लिहिलेलं असतं ती टाकीची पाण्याची क्षमता. गॅस भरतो ८ किलोच्या आसपास, आणि पंपावर प्रेशर कमी असेल तर त्याहून कमी. ८ किलो गुणिले २० म्हणजे १६० किमी. महिन्याला १,५०० किमी चालवणाऱ्याला नऊ-दहा वेळा भरावं लागेल. प्रत्येक वेळी रांगेत २५ मिनिटं गेली तर महिन्याचे चार तास. तुमच्या वाटेवर, वळसा न घालता, डाव्या हाताला सीएनजी पंप आहे का आणि तुम्ही जाता त्या वेळी तिथे रिक्षांची रांग किती असते, हे गाडी बुक करण्याआधी प्रत्यक्ष जाऊन पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबईत पंपांवर खडखडाट होता, आणि पेट्रोलची टाकी रिकामी ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. पाव टाकी पेट्रोल कायम असू द्या. तसंही बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि थोड्या वेळाने गॅसवर जातात. जवळजवळच्या फेऱ्या असतील तर हे पेट्रोलही हिशेबात लिहा.

टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. डिकीत काय उरतं ते मोजून बघा: गणपतीला गावी जाताना चार माणसांच्या बॅगा कुठे बसणार? दोन छोट्या टाक्या खाली बसवलेल्या गाड्यांत हा त्रास कमी आहे. आणि घाटात भरलेली गाडी सीएनजीवर दमते, तिथे पेट्रोलचं बटण दाबावं लागतं. लांबच्या प्रवासाचा भाव ४ रुपये धरू नका.

डिझेल. हायवेवर अ‍ॅव्हरेज उत्तम. पण बीएस-६ (सध्याचे प्रदूषणाचे निकष) डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो स्वतःला साफ करायला सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता मागतो. घर ते स्टेशन, स्टेशन ते शाळा एवढंच चालवलंत तर तो तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपची फेरी पडते. ज्याचं अर्ध्याहून जास्त रनिंग शहराबाहेर आहे त्यानेच इकडे बघावं.

स्ट्राँग हायब्रिड. पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली; गर्दीसाठीच जन्माला आलेली. उभी असताना इंजिन बंद, एसी मात्र बॅटरीवर चालू; ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत. मारुतीच्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा दावा २७.९७ आहे आणि तिच्या माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचा २१.११, मुंबईच्या गर्दीत हे अंतर ब्रोशरपेक्षा वाढतं. ‘हायब्रिड’ एवढाच शब्द ऐकून भुलू नका. माइल्ड हायब्रिडमध्ये गाडी बॅटरीवर चालत नाही.

इलेक्ट्रिक. हिशेब सोपा: एका युनिटला किती किलोमीटर. फक्त युनिट घरच्या मीटरवरचे धरा; चार्ज करताना दहा-पंधरा टक्के वाटेत जातात. वीजदर बिलावरच्या शेवटच्या स्लॅबचा लावा, कारण गाडीचे युनिट आधीच्या वापरावर चढतात. सोसायटीत पार्किंगपाशी चार्जर बसत नसेल आणि सगळं चार्जिंग बाहेर करायचं असेल तर बाहेरचा दर घालून पुन्हा मोजा, चित्र बरंच बदलतं.

## ५. गिअरबॉक्स वेगळा मोजा

चाचणीत मॅन्युअल गाडीचे गिअर ठरलेल्या वेगाला बदलायचे असतात; एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप हाताळणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) आपला गिअर आपण निवडते आणि पुष्कळदा मॅन्युअलच्या पुढे जाते. वॅगन आरच्या १ लिटर इंजिनाचा दावा मॅन्युअलला २४.३५ आणि एएमटीला २५.१९ आहे. रस्त्यावर एवढ्या फरकाची बचत पकडता येणार नाही. एएमटी घ्यायची तर डाव्या पायासाठी घ्या, अ‍ॅव्हरेजसाठी नको. टॉर्क कन्व्हर्टरची (दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) गाडी सिग्नलला ‘डी’मध्ये ब्रेक दाबून धरली तर इंजिन गाडीशी झगडत पेट्रोल पीत राहतं.

## ६. टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर, आपल्या वेळेला

शोरूमभोवतीची पाच मिनिटांची फेरी इथे निरुपयोगी. गाडी घरी मागवा, कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला. तयार होत नसतील तर दुसऱ्या डीलरकडे विचारा.

निघण्याआधी टायरची हवा तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो. डेमो गाडीत हवा कमी असणं नेहमीचंच. एसी २४ वर, ट्रिप मीटर शून्यावर, इंजिन आधी थोडं गरम झालेलं. मग किमान १० किमी, तुमच्या रोजच्या वाटेने. दुसरी गाडी त्याच आठवड्यात, त्याच वेळेला, तेवढीच माणसं बसवून.

स्क्रीनवरचा आकडा बहुतेक गाड्यांत खऱ्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त दाखवतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो चालतो, घरखर्चाच्या वहीत लिहायला नाही. फिरवून झाल्यावर दुसरा, बरेच दिवस शून्य न केलेला सरासरीचा आकडा दिसतोय का बघा. डेमो गाडी अनोळखी पायांखाली, एसी लावून, जागेवर घरघरत दिवस काढते. तिचा दीर्घकाळचा आकडा हा तळ समजा.

## ७. मालकांना नेमकं विचारा, टाकी ते टाकी

‘किती देते?’ विचारलंत की मनातला सगळ्यात चांगला आकडा ऐकायला मिळतो. त्याऐवजी विचारा: ‘शेवटची टाकी फुल केली तेव्हा किती लिटर गेलं, आणि त्याआधीपासून किती किलोमीटर झाले?’ सीएनजीसाठी त्याच मॉडेलच्या टॅक्सीवाल्याला विचारा. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला दशांशापर्यंत ठाऊक असतं.

हीच पद्धत ओळखीच्या कुणाच्या गाडीवर स्वतः करून पाहता आली तर उत्तम:

१. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा. ‘ऑटो कट’नंतर एक थेंबही नको, राउंड फिगर करायला पंपवाला पुढे येतो, त्याला आधीच सांगा.
२. ट्रिप मीटर शून्य.
३. किमान ३०० किमी चालवा. शंभर किमीवर मोजलंत तर भरण्यातला एका लिटरचा फरकही सगळा हिशेब उलटवतो.
४. त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा ऑटो कटपर्यंत.
५. किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळचे लिटर.

पंपाबद्दलच शंका असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा. ते पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक मान्य आहे.

## ८. आता किमतीचा फरक भागा

एक्स-शोरूम किंमत इथे नको, ऑन-रोड घ्या, कारण करच वेगवेगळा आहे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि पुढे १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त, सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी. शोरूममधला फरक आणि रस्त्यावर येईपर्यंतचा फरक त्यामुळे सारखा राहत नाही.

समजा सीएनजी ऑन-रोड ९५,००० रुपयांनी महाग पडते. किलोमीटरमागे वाचतात ७.४३ वजा ४, म्हणजे ३.४३ रुपये. ९५,००० भागिले ३.४३, म्हणजे साधारण २७,७०० किमीला पैसे वसूल. महिना १,५०० किमी असेल तर दीड वर्षात, ८०० असेल तर जवळजवळ तीन वर्षांत. फक्त शनिवार-रविवारी, महिन्याला ३०० किमी चालवणाऱ्याला पावणेआठ वर्षं लागतील, आणि डिकी गेली ती गेलीच.

हायब्रिडचंही तसंच. धरा, फरक साडेचार लाख. साधी गाडी १२ देते, हायब्रिड २०. किलोमीटरला ८.६७ आणि ५.२०, बचत ३.४७. वसुलीला १,२९,७०० किमी, महिना १,००० च्या हिशेबाने दहा वर्षं दहा महिने. ती शांत चालते, गिअर बदलावे लागत नाहीत, यासाठी घ्यायला हरकत नाही. फक्त ‘पेट्रोल वाचेल म्हणून घेतली’ असं घरी सांगू नका.

कर्जावर घेत असाल तर जादा रकमेवरचं व्याजही फरकात मिळवा. हा मुद्दा सेल्समन स्वतःहून काढणार नाही.

## ९. गाडी घरी आल्यावर

पहिले हजार-दोन हजार किलोमीटर आकडा कमीच येतो, तेव्हा लगेच हादरू नका. दुसऱ्या फ्री सर्व्हिसनंतर सलग तीन टाक्या वरच्या पद्धतीने मोजा. तुमच्या अंदाजापेक्षा वीस टक्क्यांहून कमी भरलं तर आधी टायरची हवा, मग ब्रेक चाक धरतोय का ते तपासून घ्या: सपाट रस्त्यावर गाडी सोडून द्या, अडखळत थांबली तर संशयाला जागा आहे. सर्व्हिस सेंटर ‘आम्ही अ‍ॅव्हरेज काढून देतो’ म्हणतं, तेव्हा सोबत बसा. ते सकाळी मोकळ्या हायवेवर पन्नासच्या वेगाने चालवतात आणि २२ काढून दाखवतात. कोणता रस्ता, किती वाजता, एसी चालू की बंद, हे जॉब कार्डवर लिहून घ्या आणि तुमच्या तीन टाक्यांच्या पावत्या त्याला जोडा.